महाकालीच्या दोन काठांवर

धारचुल्याच्या झुलत्या पुलावर उभे राहिले की पायांखालून राखाडी पाणी घोंघावत जाते आणि खिशातल्या फोनने पलीकडचे नेटवर्क पकडले, तर घड्याळ पंधरा मिनिटे पुढे सरकते. अलीकडे उत्तराखंडातले धारचुला, पलीकडे नेपाळचे दार्चुला. नाव जवळपास एकच आणि सोयरीकही जुनी. आदि कैलासच्या वाटेवर तिथे मुक्काम केला, तेव्हा पाठीवर बोजे घेऊन पूल ओलांडणाऱ्या बायकांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो होतो.

आपण जिला काली म्हणतो, तिला नेपाळात महाकाली म्हणतात आणि मैदानात उतरल्यावर तीच शारदा होते. १८१६ मध्ये अमलात आलेल्या सुगौलीच्या तहाने ती नेपाळची पश्चिम सीमा ठरली. मात्र तिचा उगम नेमका कोणता मानायचा, हे तहात स्पष्ट नव्हते आणि कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा या सीमेवरच्या भागांचा वाद त्यातूनच उभा राहिला.

विजेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. भारताने याच नदीवर टनकपूरला १२० मेगावॉटचा प्रकल्प उभारला, तेव्हा बंधाऱ्याला जोडणारा ५७७ मीटरचा बांध नेपाळच्या जमिनीवर घालावा लागला आणि त्यावरून काठमांडूत मोठे राजकीय वादळ उठले. १२ फेब्रुवारी १९९६ च्या महाकाली कराराने टनकपूरची वर्षाला सात कोटी युनिट वीज नेपाळला विनामूल्य देण्याचे ठरले. त्याच करारात पंचेश्वर प्रकल्पाची पायाभरणी आहे: सरयू जिथे कालीला मिळते, तिथल्या परिसरात सुमारे ३१५ मीटर उंचीचे धरण आणि रूपालीगाडच्या खालच्या धरणासह ५०४० मेगावॉट वीज.

पाण्यावर दोघांचा समान हक्क, असे तत्त्व करारात आहे. पण बनबसाच्या बंधाऱ्यावरून शारदा कालव्याने भारत १९२८ पासून पाणी घेत आला आहे. मग तो जुना वापर कुणाच्या वाट्यात किती धरायचा, हा प्रश्न पंचवीसहून अधिक वर्षे सुटलेला नाही. वीज मीटरवर मोजून निम्मी करता येते, शेतात मुरलेल्या पाण्याचे तसे नाही.

माझे मत विचाराल, तर धरणाच्या उंचीआधी दोन्ही काठांवरच्या बुडणाऱ्या गावांचा निर्णय व्हायला हवा. आराखडा लांबत गेला की तिथल्या माणसाने यंदा घराचे छप्पर नव्याने घालावे की थांबावे, हे त्याला दोन्हीपैकी कोणत्या सरकारने सांगायचे?