नोंदणी न केलेला अकरा महिन्यांचा करार : घर भाड्याने देण्याचा माझा अनुभव

कोथरूडमधील आईचे घर २०१६ साली माझ्याकडे आले, तेव्हा ओळखीतून चांगली माणसे मिळाली की कागदपत्रे हा केवळ उपचार उरतो, अशी माझी समजूत होती. एका परिचितांनी सुचवलेल्या कुटुंबाला मी ते घर दिले, पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार टंकून घेतला, त्यावर नोटरीचा शिक्का घेतला आणि सर्व रीतसर झाले असे मानून निश्चिंत झाले.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे मी इतक्या जणांकडून ऐकले होते की शंका घेण्याचे कारणच वाटले नव्हते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही समजूत रुजली असावी. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मला त्याहून जड गेली ती याच कलमातील दुसरी तरतूद. नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

अकरा महिने संपल्यावर आमच्या भाडेकरूंनी नेमके हेच केले. तीन वर्षांचे तोंडी ठरले होते आणि भाडे वाढवायचे नाही असेही ठरले होते, असे ते सांगू लागले. वकीलबाईंनी माझा करार वाचला, नोंदणी क्रमांक विचारला आणि तो नाही म्हटल्यावर तडजोडीचाच सल्ला दिला. चार महिने बोलणी चालली. शेवटी दोन महिन्यांचे भाडे सोडून आणि फुटलेल्या सिंकची भरपाई न कापता पूर्ण अनामत रक्कम परत करून मी घर ताब्यात घेतले. त्या काळात रात्री झोप लागत नसे, कारण आईने आयुष्यभर सांभाळलेले घर माझ्या निष्काळजीपणामुळे अडकले होते.

पुढच्या वेळी मी सर्व काम स्वतः समजून घेतले. लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे घरावर हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराची, नोंदणी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन प्रणालीतून करता येते. आधारशी पडताळणी होऊन दोन्ही पक्षांचे अंगठे व छायाचित्रे घरबसल्या घेतली जातात आणि दुय्यम निबंधक कार्यालयात रांगेत उभे राहावे लागत नाही. मुद्रांक शुल्काचा हिशेबही अवघड नाही. संपूर्ण मुदतीचे भाडे अधिक परत करायच्या अनामत रकमेवर दरसाल दहा टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आमचे भाडे महिना २०,००० रुपये, अनामत ६०,००० आणि मुदत दोन वर्षे होती. म्हणजे ४,८०,००० अधिक १२,००० अशा ४,९२,००० रुपयांवर १,२३० रुपये. महापालिका हद्दीतील नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्या खर्चासाठी मी आधीच्या वेळी दोन महिन्यांचे भाडे गमावले होते. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूंची माहितीही त्याच आठवड्यात भरली.

सोसायटीशी मात्र वाद झाला. समितीने भाडेकरू ठेवल्याबद्दल दरमहा १,००० रुपये मागितले. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे शुल्क, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरले जात नाहीत. आमचे सेवाशुल्क १,८०० रुपये असल्याने १८० रुपयेच देय होतात, असे मी सचिवांना लेखी कळवले आणि पुढच्या बिलात आकडा दुरुस्त झाला. मिळकत कराचा बोजा मात्र टळत नाही. पुणे महापालिका स्वतःच्या वापरातील घराला देत असलेली ४० टक्के सवलत घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही, म्हणून भाडे ठरवतानाच ती रक्कम मोजून घ्यावी लागते.

या कराराचे खरे महत्त्व मला दोन वर्षांनी कळले. भाडेकरूंच्या नव्या घराचा ताबा लांबला आणि मुदत संपायला आठ दिवस असताना ते संकोचून म्हणाले, "ताई, अजून महिनाभर लागेल." भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि घराचा ताबा मिळवण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, हे मला आता ठाऊक होते, त्यामुळे भीती नव्हती आणि चिडण्याचेही कारण नव्हते. त्यांची मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली होती. जुन्याच भाड्याने एक महिन्याचा वेगळा करार नोंदवून मी त्यांना राहू दिले. आधीच्या भाडेकरूंच्या वेळी हा मोकळेपणा मला दाखवता आला नसता.

घर सोडण्याच्या दिवशी आम्ही दोघांनी प्रवेशाच्या वेळी काढलेली छायाचित्रे समोर ठेवून प्रत्येक खोली पाहिली, महावितरणच्या व गॅसच्या मीटरचे आकडे लिहून घेतले आणि स्वयंपाकघरातील गळक्या नळाचा खर्च मीच करायचा असे ठरवले, कारण तो वापराने झिजला होता. चार किल्ल्या माझ्या हातात आल्या आणि वीजबिलाचे ८४० रुपये वजा करून उरलेली अनामत मी तिथेच बसून त्यांच्या खात्यात जमा केली.