ऑक्सफर्डच्या चौकात न सापडलेला दरवाजा

सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी तीस वर्षे ‘इंग्रजी साहित्याचा इतिहास’ ही प्रश्नपत्रिका शिकवली. अँग्लो-सॅक्सन काळापासून गाडी सोडायची, चॉसर, एलिझाबेथचे युग, रोमँटिक, व्हिक्टोरियन अशी स्टेशने घेत ती विसाव्या शतकात आणायची आणि फेब्रुवारीअखेर अभ्यासक्रम संपवायचा, हे इतके अंगवळणी पडले होते की हा परीक्षेचा विषय मुळात कोणी केला, कधी केला आणि कशासाठी केला, हा प्रश्न ना मला पडला, ना कोणा विद्यार्थ्याने विचारला. निवृत्तीनंतर भाच्याकडे लंडनला महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा राजवाडे आणि बागा त्याच्या मुलांवर सोपवून मी या एका प्रश्नामागे फिरायचे ठरवले.

सुरुवात अर्थात ब्रिटिश लायब्ररीपासून केली. सेंट पँक्रस स्टेशनाशेजारच्या त्या लाल विटांच्या इमारतीतील मंद उजेडाच्या दालनात ‘बेओवुल्फ’चे हस्तलिखित काचेखाली उघडून ठेवले होते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे, ३१८२ ओळींचे हे काव्य जगात या एकाच प्रतीत उरले आहे. चामड्याचे पान आकाराने आपल्या शाळेच्या वहीपेक्षा फार मोठे नाही, आणि त्याच्या कडा तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारख्या तपकिरी होऊन तुटल्या आहेत. १७३१ साली वेस्टमिन्स्टरमधील ॲशबर्नम हाउसला आग लागली, तेव्हा रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहातील ही पोथी जळता जळता वाचली. पुढे कडांचे तुकडे पडू लागले म्हणून १८४५ साली प्रत्येक पान कागदी चौकटीत बसवण्यात आले. कॉटन यांच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे असत आणि कपाट त्या सम्राटाच्या नावाने ओळखले जाई. त्यामुळे काव्याला स्वतःचे शीर्षक नसलेल्या या पोथीच्या क्रमांकात व्हिटेलियस या खादाड सम्राटाचे नाव आजही चिकटून आहे.

“मावशी, तुला वाचता येतंय का यातलं काही?” भाच्याने विचारले. ‘थ’च्या उच्चाराचे, ‘काटा’ याच अर्थाचे नाव असलेले ते जुने अक्षर मी त्याला बोटाने दाखवले आणि तेवढ्यावरच थांबले, कारण त्यापलीकडे मला एक ओळही धड लागत नव्हती. हे काव्य पहिल्यांदा संपूर्ण छापले गेले ते १८१५ साली, तेही कोपनहेगनमध्ये, आइसलँडमध्ये जन्मलेल्या एका अभ्यासकाच्या हातून, आणि त्याने ते डॅनिश काव्य म्हणून छापले. म्हणजे ज्याला आम्ही पहिल्या तासाला इंग्रजी साहित्याची गंगोत्री म्हणून शिकवत होतो, ते शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्सवर्थ यांच्या घडणीच्या काळात कोणाच्या हाती नव्हतेच. उगम नंतर सापडला आणि नदीला मागून जोडला गेला.

दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबी पाहिली. ॲशबर्नम हाउस तिच्या लगतच, एका शाळेच्या आवारात आहे. ॲबीतील कवींचा कोपरा, म्हणजे जेथे कवींच्या समाध्या आणि स्मृतिफरशा आहेत तो भाग, गर्दीने भरलेला असतो आणि पायाखाली कोणाचे नाव आहे हे पाहत चालावे लागते, ही आपल्या पायताण बाहेर काढण्याच्या संस्काराला सोसणारी गोष्ट नव्हे. चॉसर १४०० साली येथे पुरला गेला, पण कवी म्हणून नव्हे. तो राजाच्या बांधकामांचा कारभारी राहिला होता आणि ॲबीच्या आवारातच भाड्याने राहत होता. आजची करड्या संगमरवराची समाधी १५५६ सालची आहे. १५९९ साली कवी स्पेन्सरला त्याच्याजवळ जागा मिळाली आणि तेथून या कोपऱ्याला वळण लागले. बायरनला मात्र चारित्र्याच्या कारणावरून १८२४ साली नकार मिळाला आणि त्याच्या नावाची फरशी बसायला १९६९ साल उजाडले. कोणाला अभ्यासक्रमात घ्यायचे यावरून आमच्या अभ्यास मंडळात झालेले वाद त्या फरशीपाशी मला फारच किरकोळ वाटले.

पण माझे खरे काम ऑक्सफर्डला होते. पॅडिंग्टनहून गाडीने तासाभरात तेथे पोहोचले आणि थेट बोडली ग्रंथालयाच्या जुन्या चौकात जाऊन उभी राहिले. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या चौकाभोवती दारे आहेत आणि दारांवर एके काळी तेथे चालणाऱ्या विषयाचे नाव लॅटिनमध्ये सोनेरी अक्षरांत रंगवले आहे: तर्कशास्त्र, व्याकरण आणि इतिहास, भूमिती आणि अंकगणित, संगीत, न्यायशास्त्र, वैद्यक. मी दोनदा फेरी मारली. भाषांसाठी एक दार आहे, पण या भाषा म्हणजे ग्रीक आणि हिब्रू. इंग्रजीला दार नाही.

त्यात नवल नव्हते. ग्रंथालयाचे संस्थापक टॉमस बोडली यांना इंग्रजी नाटके हा कचरा वाटे आणि तो आपल्या कपाटात नको, असे त्यांनी ग्रंथपालाला पत्राने बजावले होते. तरीही १६२३ साली छापलेला शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराचा संग्रह, येथे आला आणि साखळीला बांधून वाचनासाठी ठेवला गेला. पुढे १६६४ च्या सुमारास नवी आवृत्ती मिळाल्यावर जुनी प्रत जादा ठरवून विकून टाकण्यात आली. १९०५ साली एक विद्यार्थी घरचे जुने पुस्तक बांधणीबद्दल सल्ला घ्यायला ग्रंथालयात घेऊन आला, आणि ते हेच निघाले! अमेरिकेतील एका संग्राहकाने त्यासाठी ३००० पौंड देऊ केले, तेव्हा ऑक्सफर्डकरांनी वर्गणी गोळा करून १९०६ साली तेवढ्याच रकमेला आपलेच पुस्तक परत विकत घेतले. त्या प्रतीत सर्वांत जास्त झिजलेली पाने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची आहेत. परीक्षेत नसलेला विषय मुले कसा वाचतात, याचा याहून सज्जड पुरावा मला दुसरा माहीत नाही.

इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम ऑक्सफर्डमध्ये १८९४ साली सुरू झाला. १८८७ साली इतिहासाचे प्राध्यापक फ्रीमन यांनी त्याला कडाडून विरोध करताना, कवी शेलीविषयीच्या गप्पांची परीक्षा घ्यायची तरी कशी, अशा आशयाची टिंगल केली होती. त्यांना उत्तर म्हणून की काय, अभ्यासक्रमात जुन्या इंग्रजीचे व्याकरण भरपूर घालण्यात आले, म्हणजे विषय अवघड दिसावा. ‘बेओवुल्फ’ पहिल्या पानावर येण्यामागे हेही एक कारण असावे, असा मला दाट संशय आहे. पहिल्या पिढ्यांत या वर्गात मुली मोठ्या संख्येने होत्या, पण त्यांना पदवी मिळू लागली ती १९२० साली.

आणि याच जागी मला स्वतःचे हसू आले. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात मुले १८३० च्या दशकातच शेक्सपिअर वाचत होती आणि मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन होऊन इंग्रजी कवितेवर परीक्षा घेऊ लागले होते. १९०४ साली ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक झालेले वॉल्टर रॅले त्याआधी अलिगढच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून गेले होते. आम्ही मात्र विलायतेहून आलेली जुनी परंपरा म्हणून हा विषय डोक्यावर घेऊन फिरत होतो.

मग सर्वांत जुने दार कोणते? त्यासाठी एडिनबरो गाठावे लागले. तेथे ह्यू ब्लेअर या धर्मोपदेशकाची १७६२ साली वक्तृत्व आणि ललित लेखनाच्या राजनियुक्त अध्यासनावर नेमणूक झाली आणि तो मिल्टन, ॲडिसन यांचे उतारे घेऊन वर्गात चर्चा करू लागला. कारण व्यवहाराचे होते. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड एका संसदेखाली आल्यावर, लंडनमध्ये पुढे यायचे तर आपली बोली झाकावी लागेल, हे स्कॉटिश तरुणांना कळून चुकले होते. तत्त्वज्ञ ह्यूमने टाळावयाच्या स्कॉटिश शब्दांची यादी छापली होती, आणि १७६१ साली शुद्ध उच्चारांवरची व्याख्याने ऐकायला तेथील सुमारे ३०० प्रतिष्ठित जमले, ते एका आयरिश नटाची!

सेंट जाइल्स या ज्या चर्चमध्ये ब्लेअर प्रवचने करी, तेथे बाकावर बसून मला माझ्या पाटण खोऱ्यातील मुली आठवल्या. ‘स्कूल’च्या आधी ‘इ’ लावू नका म्हणून मी त्यांना किती वेळा टोकले असेल! एवढ्यात एक वृद्ध स्वयंसेवक जवळ आला आणि काहीतरी अगत्याने म्हणाला. मी त्याला तीनदा पुन्हा बोलायला लावले. चौथ्यांदा त्याने हातानेच दाखवले, तेव्हा समजले की माझी छत्री बाकाखाली पडली होती.