पंचेचाळीस किलोमीटरवरचा एल्क

रायफल नावाच्या गावात आम्ही बॅटऱ्या घ्यायला थांबलो. गावाचं नाव खरंच रायफल आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्ग धरून पश्चिमेला निघायचं, ११ हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडायचा, ग्लेनवूडच्या घळीतून कोलोरॅडो नदीच्या कडेकडेने बाहेर पडायचं, की हे गाव लागतं. इथून उत्तरेला वळलं की तासाभरात मीकर हे गाव. शिकारीला निघालेल्या माणसाने रायफलमध्ये थांबून फक्त बॅटऱ्या घ्याव्यात, हा विनोद माझा शेजारी दर हंगामात करत असणार, कारण काउंटरवरच्या बाई अजिबात हसल्या नाहीत.

मी शिकारी नाही. आमच्या आजोबांच्या घरी माळ्यावर ठासणीच्या बंदुकीचं रिकामं खोकं होतं, तेवढाच आमच्या घराण्याचा शिकारीशी संबंध. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हा विषयच संपला. पण इथे शेजारी राहतात ते आजोबा सत्तरीला आलेले, त्यांचा नेहमीचा जोडीदार गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी, आणि मी सह्याद्रीत दहा वर्षं भटकलेला. 'तू नकाशा सांभाळ, बंदूक मी सांभाळतो,' असं ते म्हणाले आणि मी हो म्हणून बसलो. शिकार एल्कची, म्हणजे सांबरासारख्याच पण त्याहून मोठ्या हरणाची. आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, 'चिवडा घेऊन जा बरोबर.'

नकाशा सांभाळायचा म्हणजे जीपीएस यंत्र आलं. यंत्र म्हटल्यावर मी महिनाभर रोज रात्री तुलना करत बसलो. फोन आहे की, मग वेगळं कशाला, इथून सुरुवात. फोनवरची शिकाऱ्यांची ॲप्स उत्तम आहेत. कुठली जमीन सरकारी, कुठली खासगी, मालक कोण, हे सगळं रंगांत दाखवतात. आणि अमेरिकेच्या पश्चिमेत हा प्रश्न चेष्टेचा नाही. रेल्वे कंपन्यांना एक चौकोन आड एक अशी जमीन दिल्यामुळे काही भागांत नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झालाय. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला टेकतात. वायोमिंगमध्ये २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर शिडी ठेवून तो ओलांडला, तर खासगी जमिनीच्या मालकाने लाखो डॉलरचा दावा लावला. प्रकरण संघीय अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २०२५ मध्ये निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने लागला. त्यांनी कोपरा शोधला होता तो फोनवरच्या नकाशावरच.

पण फोन थंडीत मान टाकतो. उणे आठ-दहात ४० टक्के चार्ज दाखवता दाखवता काळा होतो. शिवाय हातमोजे ओले असले की काचेला बोट कळत नाही. म्हणून फोन खिशात, शरीराच्या उबेला, आणि हातात वेगळं यंत्र, असं ठरलं.

मग यादी, सगळी गार्मिन कंपनीची यंत्रं. ईट्रेक्स २२एक्स: हलकं, स्वस्त, दोन डबल-ए बॅटऱ्यांवर २५ तास. ३२एक्स तसंच, पण त्यात खरं होकायंत्र. हा फरक दुकानात कुणाला कळत नाही. २२एक्समध्ये दिशा कळते ती चालत असतानाच, कारण यंत्र दोन जागांमधल्या फरकावरून दिशा काढतं. थांबलात की बाण भरकटतो. आणि शिकारी माणूस दिवसातला निम्मा वेळ थांबलेलाच असतो. त्याच्या वर जीपीएसमॅप ६५एस: डोक्यावर बोटाएवढा अँटेना, खाली बटणं, आणि उपग्रहांच्या दोन फ्रिक्वेन्सी पकडायची सोय. कड्यांच्या पोटात सिग्नल दगडावर आपटून उशिरा येतो आणि जागा सरकलेली दाखवतो, तिथे या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचा उपयोग. त्याहून वर ६७आय: उपग्रहावरून मेसेज पाठवणारं, एका चार्जवर दीडशे तासांच्या वर चालणारं, आणि किंमत अशी की एल्क विकतच आणावा.

शेजाऱ्यांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, 'यातलं कुठलं तुला अंधारात, हातमोजे घालून, न बघता चालवता येईल?' मी म्हटलं, बटणांचं. 'मग ते घे. बंदूक वाजेपर्यंत यंत्राचं काम नसतंच. तोपर्यंत मला सगळं ठाऊक असतं. ती वाजल्यावर तुझं काम सुरू.' तेव्हा मला या वाक्याचा अर्थ नीटसा कळला नव्हता. ६५एस घेतलं.

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे पिवळा, पहिल्या पिढीचा ईट्रेक्स. त्यात नकाशा नाही, रंग नाहीत. २००० साली मे महिन्यात अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली गडबड बंद केली आणि शंभरेक मीटरची चूक रातोरात दहा-वीस मीटरवर आली. त्याच वर्षी त्यांनी हे घेतलं. रबराचं कव्हर निघालंय, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवलाय.

मीकरला थियोडोर रूझवेल्ट १९०१ च्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी पहाडी सिंहांच्या, म्हणजे प्यूमांच्या, शिकारीला येऊन राहिले होते. ते जुनं हॉटेल अजून उभं आहे. भिंतीवर इतकी शिंगं, की जेवताना कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं. तिथून व्हाइट नदीच्या काठाने पूर्वेला पन्नासेक मैल गेलं की रस्ता ट्रॅपर्स लेकपाशी संपतो. संपतो म्हणजे संपतोच. १९१९ साली वनखात्याचा एक तरुण आर्थर कारहार्ट इथे तळ्याकाठी बंगल्यांचे प्लॉट आखायला आला आणि इथे काहीच बांधू नये अशी शिफारस करून परत गेला. आज तळ्याभोवतीचा फ्लॅट टॉप्सचा सगळा प्रदेश संरक्षित आहे आणि त्यात चाक चालत नाही. मोटार नाही, सायकल नाही, मांस ओढायची हातगाडीसुद्धा नाही. घोडा, नाहीतर स्वतःची पाठ.

वर सपाट, कडेने तुटलेले कडे. मला सारखी आपल्या सड्यांची आठवण येत होती, फक्त करवंदांच्या जाळ्यांऐवजी राखाडी सांगाडे. २००२ च्या वणव्यात इथलं जंगल जळालं. ती झाडं अजून उभी आहेत, आणि जी पडलीत ती काड्यापेटी सांडल्यासारखी एकमेकांवर आडवी. यंत्र सांगतं ४०० मीटर, आणि तुम्ही तासभर खोडांवरून ढांगा टाकत असता.

तळ ठोकला त्या संध्याकाळी बॅटऱ्या बदलल्या. साध्या अल्कलाइन थंडीत टिकत नाहीत, म्हणून रायफलहून लिथियमच्या घेतल्या होत्या. त्या घालून भागत नाही, मेनूत जाऊन बॅटरीचा प्रकारही बदलावा लागतो, नाहीतर उरलेल्या चार्जचा आकडा खोटा येतो. आणि बॅटरी बदलली की होकायंत्र पुन्हा जुळवायचं. त्यासाठी यंत्र तिन्ही बाजूंनी हळूहळू गोल फिरवायचं असतं. दिवाळीचे दिवस, अंगावर भडक नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी (कंबरेच्या वर ५०० चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी, असा इथे शिकाऱ्यांना नियमच आहे) आणि मी बर्फात उभा राहून तळ्याला ओवाळतोय. शेजाऱ्यांनी फोटो काढला. तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा टाकला होता. ते एकटेच वर धारेवर बसले होते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, त्यातली दहा मिनिटं उरली असताना एक आवाज आला आणि दरीत दोनदा फिरला. पाच मिनिटांनी वॉकी-टॉकी खरखरला. 'नर. मोठा आहे. लिहून घे: एकोणचाळीस, अठ्ठावन्न पॉइंट चार एक दोन. एकशे सात, सोळा पॉइंट दोन शून्य सात. दोर, पिशव्या आणि मोठा चाकू घेऊन ये.'

मी चुलीच्या उजेडात अक्षांश-रेखांशाचे ते आकडे यंत्रात भरले. ३९.५८४१२. १०७.१६२०७. दशांशापुढे पाच घरं, पाच आकडे, एकही घर रिकामं नाही. 'जा' दाबलं. यंत्राने शांतपणे दक्षिणेकडे बाण दाखवला आणि अंतर सांगितलं ४५.५ किलोमीटर.

मी ते तीनदा वाचलं. नकाशा मागे ओढत नेला, तर खूण ग्लेनवूडच्या घळीच्या कडेला. म्हणजे आपण हायवेवरून आलो त्या तिथेच. एल्क तिथे असता तर गाडी कडेला लावून आणता आला असता.

चूक सगळी माझी. पिवळ्या ईट्रेक्समध्ये आकडे अंश आणि मिनिटांत येतात, आणि एका अंशात ६० मिनिटं. मी घरी सोफ्यावर बसून फोनवरच्या नकाशाशी जुळावं म्हणून माझ्या यंत्रात ती पद्धत बदलून दशांश अंश करून ठेवली होती. ५८.४१२ मिनिटं म्हणजे ०.९७३५३ अंश. मी ती ०.५८४१२ अंश म्हणून कोंबली होती. घरांची संख्या नेमकी जुळली म्हणून यंत्रानेही हूं की चूं केलं नाही. मेनूत परत जाऊन पद्धत बदलली, आकडे पुन्हा भरले. ३.१ किलोमीटर, नैर्ऋत्येला. हा आकडा माणसातला होता.

पोचायला दोन तास लागले. शेवटचे ५० मीटर मी बाणाकडे बघत होतो आणि ते माझ्या डोक्यावरच्या दिव्याकडे. सांबर पाहिलेल्या माणसाला एल्कचा आकार जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. अंगाखालचं बर्फ वितळून पुन्हा गोठलं होतं. त्यांनी शिकारीच्या परवान्याचा टॅग बांधला, थोडा वेळ हात त्याच्या मानेवर ठेवून बसले, काही बोलले नाहीत. मी दिवा धरला. त्या रात्री मी काय काय पाहिलं ते आईला सांगितलेलं नाही, इथेही लिहीत नाही.

मागची एक तंगडी २५ किलोच्या वर. दोघांच्या तीन फेऱ्या झाल्या, एक त्याच रात्री, दोन दुसऱ्या दिवशी. उरलेलं मांस कापडी पिशव्यांत भरून अस्वलांच्या भीतीने उंच टांगलं, फांदीला नारिंगी फीत बांधली. पहाटे परत गेलो तर रात्रीतून वीतभर बर्फ. आमची पावलं नाहीत, रक्ताचा माग नाही, जळकी झाडं सगळी एकासारखी एक. शेजारी थांबले, चारी दिशांना पाहिलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, 'तू पुढे हो.' यंत्रावर १२ मीटर असताना फीत दिसली, तीही अर्धी.

त्यांच्या बायकोने बरोबर दिलेलं उपग्रहावरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र आम्ही रोज रात्री 'ठीक आहोत' एवढ्यापुरतंच वापरलं. मला ते फार आवडलं होतं. मे महिन्यात पुण्याला जाताना घेऊन जावं असंही मनात आलं. बरं झालं, विचारून पाहिलं. भारतात अशी यंत्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईंना त्यापायी अडवलं होतं. नुसतं सिग्नल घेणाऱ्या, काहीच न पाठवणाऱ्या माझ्या यंत्राची गोष्ट वेगळी, तशी तर भारतातच विकत मिळतात.

तर ते घेऊन सिंहगडावर गेलो. झुणका-भाकरीची वाट बघत असताना भाच्याने बटणं दाबत दाबत एल्कची ती खूण काढली आणि 'जा' म्हणाला. अंतर आलं १३,५०० किलोमीटरच्या थोडं वर, आणि बाण फिरून स्थिर झाला तो सरळ उत्तरेला, खडकवासल्याच्या पाण्यावरून. पृथ्वी गोल असल्यामुळे कोलोरॅडोची सर्वांत जवळची वाट इथून जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जाते. भाचा म्हणाला, 'मामा, पद्धत बरोबर आहे ना या वेळी?' मी मेनू उघडून पाहिला.