करमुक्त मर्यादा: नागरिकत्वाला की उत्पन्नाला?

उत्पन्नाचा सुरुवातीचा काही भाग करातून वगळण्यामागचा विचार साधा आहे. माणसाला जगण्यासाठी जेवढे लागते, तेवढ्याला सरकारने हात लावू नये. माणूस आपल्याच देशात राहतो तोवर यावर वाद होत नाही. तो परदेशी गेला आणि कमाई दोन देशांत विभागली गेली, की हा जगण्यापुरता वाटा कोणी सोडायचा, याचे उत्तर प्रत्येक देश आपल्या सोयीने देतो. ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे कोणाला सवलत दोन्हीकडे मिळते आणि कोणाला कुठेच मिळत नाही. परदेशस्थ मित्रांची विवरणपत्रे पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आहे: ज्या देशातून बहुतांश उत्पन्न मिळते, त्या देशाने नागरिकत्व किंवा वास्तव्य न पाहता ही सवलत पूर्ण द्यावी.

नागरिकत्वाच्या आधारावर कर घेणारा सर्वांत मोठा देश अमेरिका. तिचा नागरिक जगात कुठेही राहत असला, तरी त्याचे संपूर्ण उत्पन्न अमेरिकेत करपात्र असते, आणि म्हणूनच परदेशी कमाईसाठी वेगळी सूट द्यावी लागते. 2025 सालासाठी ती 1,30,000 डॉलर आहे. आकडा मोठा दिसतो, पण अटी बारकाईने वाचाव्या लागतात. ही सूट फक्त श्रमाच्या कमाईला, म्हणजे पगाराला किंवा स्वतःच्या व्यवसायाच्या उत्पन्नाला लागू होते. व्याज, लाभांश आणि निवृत्तिवेतन तिच्या बाहेर राहतात. परदेशातील वास्तव्य सिद्ध करण्याचा एक मार्ग म्हणजे सलग 12 महिन्यांत 330 पूर्ण दिवस परदेशात असणे. इथे पूर्ण दिवस म्हणजे मध्यरात्रीपासून पुढचे 24 तास, त्यामुळे अमेरिकेहून निघून दुपारी परदेशात उतरलात, तर तो दिवस धरला जात नाही. शिवाय एखाद्याची कमाई 1,50,000 डॉलर असेल, तर सूट वजा जाता उरलेल्या 20,000 डॉलरना खालच्या टप्प्याचा दर मिळत नाही. सूट घेतलीच नाही असे समजून जो वरचा दर लागला असता, तोच लागतो. आणि एवढे करून, कर शून्य येत असला तरी, सूट मागण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. जिथे स्थानिक कर अमेरिकेपेक्षा जास्त आहे, तिथे राहणाऱ्याने ही सूट सोडून परदेशात भरलेल्या कराचे श्रेय घेणे, म्हणजे तो कर अमेरिकेच्या करातून वजा करून घेणे, बहुधा अधिक लाभाचे असते, कारण न वापरलेले श्रेय 10 वर्षे पुढे नेता येते.

ब्रिटन वास्तव्यावर कर घेतो, पण सवलत देताना नागरिकत्वही पाहतो. परदेशात राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकाला ब्रिटनमधील उत्पन्नावर 12,570 पौंडांची वैयक्तिक सवलत मिळते. इतर देशांच्या अनिवासी नागरिकाला ती मिळेल की नाही, हे बहुतेक वेळा त्या देशाशी झालेल्या करारावर अवलंबून असते. दोघांचे ब्रिटनमधील घरभाडे सारखे आणि कर मात्र वेगळा, याचे समर्थन मला करता येत नाही. याच कायद्यात अनेकांच्या नजरेतून सुटणारा एक पर्याय आहे. वर्षभर अनिवासी असलेली व्यक्ती वैयक्तिक सवलत सोडून व्याज आणि लाभांश जवळजवळ पूर्णपणे हिशेबाबाहेर ठेवू शकते. समजा, भाडे 2,000 पौंड आणि व्याज 30,000 पौंड आहे. सवलत सोडली, तर 2025-26 च्या 20 टक्के दराने फक्त भाड्यावर 400 पौंड कर लागतो. सवलत घेतली, तर त्याच्या कित्येक पट.

ऑस्ट्रेलियात नागरिकत्वाला काहीच महत्त्व नाही. निवासी व्यक्तीचे पहिले 18,200 ऑस्ट्रेलियन डॉलर करमुक्त असतात, तर अनिवासी व्यक्तीला, ती ऑस्ट्रेलियन नागरिक असली तरी, पहिल्या डॉलरपासून 30 टक्के कर लागतो. भारताची भूमिका या दोहोंच्या मध्ये आहे: मूळ करमुक्त मर्यादा अनिवासी व्यक्तीलाही मिळते, पण कमी उत्पन्नावरील कर शून्यावर आणणारी करसूट (रिबेट) मिळत नाही, आणि न वापरलेली मर्यादा दीर्घकालीन भांडवली नफ्यासमोर वळवता येत नाही.

माझ्या मताला सर्वांत भक्कम आधार युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या शूमाकर निकालात सापडतो. बेल्जियममध्ये कुटुंबासह राहणारा, पण जवळजवळ सर्व कमाई जर्मनीत करणारा एक कर्मचारी होता. जर्मनी त्याला अनिवासी म्हणून कौटुंबिक सवलती नाकारत होती, आणि बेल्जियममध्ये उत्पन्नच नसल्याने तिथल्या सवलतींचा त्याला उपयोग नव्हता. अशा स्थितीत उत्पन्नाच्या देशाने या सवलती द्यायला हव्यात, असे न्यायालयाने ठरवले. त्यानंतर जर्मनीने नियम केला की एकूण उत्पन्नापैकी किमान 90 टक्के उत्पन्नावर जर्मनीत कर लागत असेल, तर अर्ज केल्यावर त्या व्यक्तीला निवासी व्यक्तीप्रमाणे वागवले जाईल. नागरिकत्वाचा प्रश्न त्यात येतच नाही.

हा न्याय युरोपबाहेर पोहोचत नाही, याचे कारण करारांच्या मजकुरातच आहे. दुहेरी कर टाळण्याचे बहुतेक करार ज्या ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) नमुन्यावर बेतलेले असतात, त्याच्या 24 व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की निवासी व्यक्तींना कौटुंबिक स्थितीमुळे दिलेल्या वैयक्तिक सवलती अनिवासी व्यक्तींना देण्याचे बंधन कोणत्याही देशावर नाही. मला वाटते, बदल इथेच व्हायला हवा: या वाक्याला 90 टक्क्यांच्या नियमाचा अपवाद जोडला, तर जुन्या देशाच्या निवृत्तिवेतनावर आणि भाड्यावर परदेशात जगणाऱ्या वृद्धांनाही तो लागू होईल. तोपर्यंत देश सोडण्यापूर्वी आपल्या कराराचे हे कलम आणि निवृत्तिवेतनाचे कलम शेजारी ठेवून वाचावे, आणि नव्या देशात करपात्र उत्पन्न किती उरणार आहे, हे आधी मांडून पाहावे.