मिरगाआधी मिणमिणे घालवा

बल्ब नवा, व्होल्टेज ठीक, तरी उजेड पिवळट पडतोय? वायरमनला बोलावण्याआधी काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीवर नखाने टिचकी मारा. आतून किणकिण आली, तर मिणमिणे शिरलेत.

पणजीतल्या फोंतेन्हासच्या जुन्या घरांत ते कौलांखाली, रिपांच्या सांध्यांत राहतात आणि शिंपल्यांतून झिरपणारा उजेड चाटतात. साध्या काचेला सहसा शिवत नाहीत. बोटाच्या पेराएवढा जीव, पण सात-आठ जमले की देवघरातली समईसुद्धा अंधारते.

नारळाच्या सोडणांचा धूर करू नका. धुराने ते मरत नाहीत. शेजाऱ्याच्या माळ्यावर जातात आणि आठवड्यात दुप्पट होऊन परततात. (शेजाऱ्याशी भांडण वेगळंच.) त्यापेक्षा चंद्र दिसेल अशा खिडकीत तांब्याचा तांब्या ठेवा: अर्धा लिटर पाणी, कोकमाची चार सोलं, तळाशी छोटा आरसा. आरशातल्या चंद्राच्या ओढीने ते उतरतात आणि आंबट पाण्याने पंख जड होतात. अमावास्येला अर्थातच काही सापडत नाही. उजाडायच्या आत तांब्याच्या तोंडाला फडकं बांधून खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतांत, सोडून या. काजव्यांवर त्यांचं भागतं.

फटी चुना-गुळाच्या लेपाने बुजवा. सिमेंट नको, पहिल्याच पावसात तडकतं आणि तीच फट त्यांना आवडते.