सासवडचा दुसरा दिवस

वारीला निघायच्या आधी जो तो मला दिवे घाटच सांगत होता. घाट चढताना मागं वळून बघ, म्हणे. बघितलं. वळणावळणांवरून वर सरकणाऱ्या पताका, खाली मस्तानी तलाव, रथाला जुंपलेल्या जादा बैलजोड्या. फोटोत दिसतं तसंच आहे सगळं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. फोटोत पाय दुखत नाहीत, एवढाच फरक. पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर, त्यात एकादशी. पोटात साबुदाणा, केळी आणि मूठभर शेंगदाणे. झेंडेवाडीच्या अलीकडं डाव्या टाचेचा फोड फुटला. राहुटीत पोचले तेव्हा समाजआरती होऊन गेली होती आणि हरवलेल्या वस्तूंच्या घोषणाही. माझी चपलेची पिशवी त्यात असली तर असली.

मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं.

माउलींच्या पालखीचा सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो. तसा पुण्यातही असतो, पण तिथं मी मावसबहिणीच्या फ्लॅटवर पंख्याखाली झोपले होते, ते काही धरायचं नाही. सासवडला द्वादशीच्या सकाळी पिठलं-भाकरीनं बारस सोडली. मग आमच्या दिंडीतल्या आक्का म्हणाल्या, "चल पोरी, गाव बघून येऊ. इथं बसलीस तर पाय आखडतेत." आक्का परभणीकडच्या, सत्तरीच्या पुढं. मी पन्नाशीची, लंगडत त्यांच्या मागं.

कऱ्हा आणि चांबळी या दोन नद्यांच्या संगमावर काळ्या दगडाचं संगमेश्वराचं मंदिर आहे. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळपासून धुणी वाळत पडलेली. जवळच पुरंदऱ्यांचा वाडा. वाडा कसला, बुरूज असलेला भुईकोटच. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ याच गावात १७२० साली वारला, त्याची समाधीही इथंच. नैर्ऋत्येला ढगात पुरंदर. १६६५ च्या तहाचा धडा शाळेत घोकला होता, तेवीस किल्ले दिले, बारा राखले वगैरे. पण तो किल्ला सासवडच्या भाजीबाजारातून मान वर केली की दिसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पेठेत त्या दिवशी प्रत्येक दुकानानं आपला धंदा बदललेला. किराणावाल्यानं पुढं प्लास्टिकच्या कागदाचे गठ्ठे मांडले होते, पावसात डोक्यावरून घ्यायला. कापडवाल्याकडं टोप्या आणि उपरणी. मोबाइलच्या दुकानात एका पट्टीवर चाळीसेक फोन चार्जिंगला, प्रत्येकाला चिकटवलेली नंबराची चिठ्ठी. टाळांना दोर ओवून देणारा एक, तुळशीमाळा गाठणाऱ्या दोघी. रस्त्याकडेला चपला शिवून देणारे बसले होते, पैसे घेत नव्हते. मी तिथं नव्या चपलेला पट्टा लावून घेतला.

सीताफळं मात्र आक्कांनी निवडली. हंगाम नुकता सुरू झालेला, भाव चढा. आक्का एकेक फळ उचलून खवल्यांमधली रेघ बघत होत्या. "डोळे उघडलेत का बघ. नुसतं मोठं घिऊ नको." विकणारा वाकून म्हणाला, "आजी, शिकवताय का आम्हाला?" तो पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी ज्या सात गावांच्या जमिनी मागितल्या आहेत त्यांतल्याच एका गावचा. बापानं लावलेली बाग. मी विचारलं, काय होणार? "तुम्ही विठोबाला विचारा, आम्ही तर विचारून दमलो," असं म्हणून त्यानं वजनावर एक फळ जास्त टाकलं.

दुपारी सोपानकाकांच्या समाधीला गेलो. ज्ञानोबांनी आळंदीत समाधी घेतली १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला. महिन्यानं, मार्गशीर्षाच्या वद्य त्रयोदशीला, धाकट्यानं सासवडात. आणि माउली गावात मुक्कामाला असतानाच, द्वादशीला, सोपानकाकांची पालखी पंढरीला निघते. मला ते चमत्कारिक वाटलं. पाहुणा घरात आणि घरधनी निघाले! आक्कांना तसं म्हटलं तर त्या हसल्या. "दोघांची माणसं एका वाटंवर मावतेत का? ते बारामतीकडून जातेत. पुढं टप्प्यावर भेटतेत की." टप्पा म्हणजे तोंडले-बोंडल्याजवळची जागा, तिथं दोन्ही पालख्यांची बंधुभेट होते. हे सगळं समजूनही देवळासमोरून पालखी उठली आणि टाळांचा ठेका वाढला तशा आक्काच डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. मी काही बोलले नाही. माझी टाच ठणकत होती, तिचं निमित्त बरं होतं.

संध्याकाळी तळावर परतलो. आक्कांनी सीताफळं जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रकमधल्या तांदळाच्या पोत्यात खुपसली आणि स्वयंपाक्याला बजावलं, हात लावू नको. दुसऱ्या दिवशी जेजुरी, भंडारा, गर्दी; कुणाला आठवण नाही. वाल्ह्याच्या मुक्कामी पोतं चाचपलं तेव्हा दोन पिकली होती, एक फुटून तांदळाला चिकटलं होतं. आक्का, मी आणि स्वयंपाकी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून खाल्ली. बिया किती लांब जातात याची पैज लागली. आक्का जिंकल्या.