टीईईआर उतरला, पण नेमकी गळती कुठली?

निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर बंदोबस्त लागला की शेतातल्या वाटेनं दुचाकी निघते, ट्रक मात्र अडकतो. आतड्याच्या अस्तरातही पेशींमधल्या फटींतून होणाऱ्या गळतीच्या अशाच दोन तऱ्हा आहेत, आणि टीईईआर, म्हणजे पेशींच्या थराचा विद्युत रोध, उतरला की बेळगावात बायोटेक शिकणारी पोरं प्रोजेक्टात नेमका इथंच घोळ घालतात.

आयएल-१३ हा सायटोकाइन, म्हणजे पेशींना निरोप देणारं प्रथिन, त्यांना फटीतलं क्लॉडिन-२ हे प्रथिन जास्त बनवायला लावतो. त्याची बारीक छिद्रं सोडियम आणि पाणी सोडतात, मोठे रेणू नाही. ही झाली दुचाकीची वाट. टीएनएफ-अल्फा या दुसऱ्या सायटोकाइनचं काम दांडगं. तो मायोसिन लाइट चेन कायनेज हे एन्झाइम वाढवतो, पेशीच्या कडेचा अ‍ॅक्टिन-मायोसिनचा पट्टा आवळला जातो, फट बंद ठेवणारं ऑक्लुडिन हे प्रथिन आत ओढलं जातं आणि ट्रकही सुटतात.

टीईईआर दोन्ही वेळा उतरतो. म्हणून जोडीला ४ किलोडाल्टनचं फ्लुरोसंट डेक्स्ट्रान, म्हणजे चमकणारा मोठा शर्करा-रेणू, घालाच. तेही खाली झिरपलं तरच मोठी वाट उघडली म्हणा.

कॅको-२ या आतड्याच्या पेशी १२ खणी प्लेटच्या इन्सर्टवर, म्हणजे सच्छिद्र तळाच्या कपात, २१ दिवस वाढवाव्या लागतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात इनक्युबेटरच्या पाण्याच्या तबकात बुरशी धरली की तीन आठवडे पाण्यात, तेव्हा ते पाणी दर आठवड्याला बदला, तेही निर्जंतुक. आधी इंटरफेरॉन-गॅमा हा सायटोकाइन १० नॅनोग्रॅम प्रति मिली, २४ तास. मग तेवढाच टीएनएफ. इंटरफेरॉन टीएनएफचे रिसेप्टर वाढवतो, तो वगळला तर बऱ्याचदा परिणाम फिकाच दिसतो. दोन्ही खालच्या कप्प्यात घाला, कारण रिसेप्टर मुख्यतः त्या बाजूला असतात.

टीईईआरच्या वाचनातून रिकाम्या इन्सर्टचा रोध वजा करून उरलेला आकडा इन्सर्टच्या क्षेत्रफळाने, १.१२ चौ. सेंमीने, गुणायचा. भागणारे दरवर्षी निघतात! प्लेट गार होत गेली की रोध आपोआप चढतो. सगळ्या प्लेटा अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवून मगच मोजा. आणि एलडीएच, म्हणजे फुटलेल्या पेशीतून सांडणारं एन्झाइम, तपासल्याशिवाय निष्कर्ष नको. डोस जास्त झाला तर पेशी मरतात, मग गळती फटीतून नव्हे, भगदाडातून असते.

सगळेच सायटोकाइन नाका उघडणारे नसतात. आयएल-२२ श्लेष्मा आणि जंतुरोधक प्रथिनं वाढवतो. आयएल-१७ ला तर खलनायक समजून क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या रुग्णांना सेक्युकिनुमॅब हे आयएल-१७ रोखणारं औषध देऊन पाहिलं. गुण आला नाहीच, काहींचा आजार उलट बळावला. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की तोच आयएल-१७ ऑक्लुडिनला जागेवर धरून ठेवतो.